सीएनजीवर नीट, पेट्रोलवर मलूल: फ्युएल पंप बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न : माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. गाडी सीएनजीवर व्यवस्थित चालते. पेट्रोलवर मात्र सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, फ्लायओव्हर चढताना दम टाकते आणि गेल्या आठवड्यात भर दुपारी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर बंदच पडली. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू झाली. गॅरेजवाले म्हणतात फ्युएल पंप गेलाय, बदलून टाका. बदलू का? हे काम घरी करता येईल का? (एक गाडीमालक, भांडुप)

उत्तर :

"सीएनजीवर व्यवस्थित चालते" हे तुम्ही ओघात लिहिलंय, पण तुमच्या प्रश्नातली सर्वांत कामाची माहिती तीच आहे. गाडी दम टाकते किंवा बंद पडते तेव्हा संशयित बरेच असतात. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), इग्निशन कॉइल, प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. यातली प्रत्येक गोष्ट गॅसवर चालतानाही तितकीच लागते. ठिणगी तर गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त जोरकस लागते. त्यामुळे गॅसवर गाडी तोच चढ न अडखळता ओढत असेल, तर ही सगळी मंडळी सुटली. उरलं फक्त पेट्रोल टाकीतून इंजिनात पोचवणारं खातं. निव्वळ पेट्रोलची गाडी असलेल्या माणसाला इथवर यायला अर्धा दिवस तपासणी करावी लागते, तुमच्याकडे ती सोय डॅशबोर्डवरच्या एका बटणात आहे.

एवढ्यावर पंपाचा निकाल मात्र लावू नका. काही क्रँक सेन्सर फक्त तापल्यावर काम सोडतात आणि थंड झाले की निमूट काम करतात, अगदी तुमच्या गाडीसारखेच. म्हणून पुढच्या वेळी पेट्रोलवर बंद पडली की गाडी सुरक्षित कडेला घेऊन त्याच क्षणी गॅसवर सुरू करून पाहा. बऱ्याच किटमध्ये स्विचचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की गाडी थेट गॅसवर सुरू होते. तुमच्या किटची नेमकी पद्धत फिटरकडून आधीच विचारून ठेवा. गॅसवर लगेच सुरू झाली तर क्रँक सेन्सर खात्रीने सुटला. गॅसवरही सुरू झाली नाही, तर पंपाला हात लावू नका, आधी सेन्सर आणि कॉइल तपासा.

आता उरलेले संशयित पाहू. टाकीतला पंप, त्याच्या तळाची जाळी, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, पंपाचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) आणि वायरिंग, पेट्रोलचे इंजेक्टर. आणि एक असा की ज्याच्याकडे कोणी बघतच नाही: गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवण्यासाठी किटवाल्याने मूळ वायरी कापून मध्ये घातलेला कट-ऑफ. पिळून टेप गुंडाळलेले ते जोड मुंबईच्या दमट हवेत हिरवे पडतात. असा एक जोड सुटा झाला तर पेट्रोलवर एकच सिलिंडर मिस मारतो, गॅसवर सगळं ठीक. तुमची गाडी एकदम सगळीच दबते आहे, एका सिलिंडरचे झटके मारत नाही. त्यामुळे हा संशय मी मागे ठेवतो, पण सोडत नाही.

तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाचायला हव्यात.

सकाळचा लांब सेल्फ. पंपाच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो. तो रात्रभर पाइपात प्रेशर धरून ठेवतो. तो गळू लागला की सकाळी रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) रिकामी असते आणि सेल्फ मारतानाच पंपाला सगळा पाइप भरावा लागतो. परीक्षा फुकट आहे. सकाळी सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पहिल्या सेल्फलाच गाडी उठली तर रात्री प्रेशर उतरतंय हे पक्कं. मात्र प्रेशर गळणारा इंजेक्टरही उतरवतो. तसं असेल तर सुरू होताना पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरमधून काळपट धूर येतो, प्लग ओला निघतो.

चढावर दम टाकणं म्हणजे मागणी वाढल्यावर पेट्रोल कमी पडणं. सपाट रस्त्यावर इंजिन पीतं ते थोडंच, तेवढं थकलेला पंपही देतो. जाळी गाळाने भरली, पंप झिजला किंवा पंपापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नसलं, तिन्हीचं लक्षण हेच.

तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू हे मोटरचं, नाहीतर तिच्या वाटेवरच्या एखाद्या जळलेल्या जोडाचं लक्षण. मोटरला आतून वीज पोचवणारे ब्रश झिजले की गरम असताना त्यांची पकड सुटते. ही दुखरी मोटर ओळखायची जुनी युक्ती आहे. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडावर मुठीने किंवा रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. त्यावर गाडी सुरू झाली तर ब्रश संपले आहेत. पण ती फक्त गॅरेजपर्यंत पोचण्याची सोय समजा. त्या भरवशावर गाडी अटल सेतूवर किंवा घाटात नेऊ नका. सेतूवर थांबायला मनाई आहे, आणि २१.८ किलोमीटरच्या मध्यावर पेट्रोल येईनासं झालं तर काय होईल याचा विचार करा.

इथे जुन्या चालकांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. प्रीमियर पद्मिनी दुपारी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि गाडी खरंच सुरू व्हायची. त्या गाडीचा डायफ्रामवाला यांत्रिक पंप इंजिनाला चिकटलेला असायचा, तिथल्या उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ व्हायची. ३० ऑक्टोबर २०२३ ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण ओलं फडकं अजून बॉनेटखाली फिरतंय. तुमच्या गाडीचा पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला आहे. पुढे पाणी मारून त्याला काही होत नाही. गाडी सुरू होते ती मधल्या वेळात पंप निवल्यामुळे.

तर मग तपासायचं कसं? आधी कान. खिडक्या वर करा, एसीचा पंखा बंद, मागच्या सीटवर कान ठेवा आणि कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद बारीक गुंजन ऐकू यायला हवं. काहीच आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले. रिले तपासायला त्याच नंबरचा हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले तिथे लावून पाहणं सगळ्यात सोपं. फोर्ड, फियाटच्या काही गाड्यांत धक्क्याने पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं तर तो उडू शकतो आणि गाडी कारणाशिवाय मेल्यासारखी वाटते. बटण परत दाबलं की झालं. तुमच्या गाडीत तो असेलच असं नाही, मॅन्युअल बघा. आवाज येतो पण कर्कश, घरघरता येतो, तर पंप झिजतोय किंवा जाळी तुंबल्याने उपाशी ओढतोय.

आवाज येतोय म्हणजे पंप चांगला, हे मात्र गृहीत धरू नका. फिरणं वेगळं, पुरेसं प्रेशर देणं वेगळं.

यानंतर व्होल्टेज, आणि इथेच बहुतेक चांगले पंप नाहक बदलले जातात. कपलर (पंपाच्या वायरींचा प्लग) काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट आले, वायरिंग ठीक, मग पंप खराब, असा निष्कर्ष काढतात. पण भार नसताना गंजलेला जोडही १२ व्होल्ट दाखवतो. पंप फिरत असताना मोजलं तरच खरं कळतं. कपलर जोडलेला ठेवून मागून बारीक पिन सरकवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास असेल तर पंपाच्या पिनवर त्याहून फार तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल. ११ किंवा १० दिसले तर पंप निम्म्या ताकदीने फिरतोय आणि दोष वाटेत आहे. मग अर्थिंग बघा: पंपाची निगेटिव्ह पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावला तर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. पंप फिरतच नसेल तर कपलर काढून ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब त्या वायरींना लावा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाइतकाच. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग पास, मिणमिणला तर नापास. ही चाचणी टाकी पूर्ण बंद असतानाच करायची, उघड्या टाकीजवळ तापलेला बल्ब न्यायचा नाही.

या शहरात वायरिंगवर मी इतका भर देतो त्याला कारण आहे. समुद्राची खारी हवा अर्थिंगचे बोल्ट खाते. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कपलरमध्ये पाणी शिरतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पिन हिरवी पडते, तोवर मालक ते पाणी विसरलेला असतो. सोसायटीत उभ्या गाडीचे मागच्या सीटखालचे वायर उंदीर कुरतडतात. यातली कुठलीही गोष्ट नव्या पंपाने दुरुस्त होत नाही. कपलरचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल, पिन जळल्याची खूण असेल, तर पंप बदलताना कपलरही बदला. नाहीतर नवा पंप त्याच रोगाने जाईल.

शेवटी प्रेशर गेज, ज्याच्याशिवाय मी पंप उघडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या रेलवर गेज लावायला तयार व्हॉल्व्ह नसतो, पाइपात टी-जोड घालावा लागतो. तुमच्या काळातल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या, गाड्यांना साधारण तीन ते चार बार प्रेशर लागतं, नेमका आकडा मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. चार वेळा वाचायचं: चावी ऑन केल्यावर, आयडलिंगवर, झटकन रेस दिल्यावर आणि जमलं तर गेज काचेला टेपने चिकटवून चढावर. आयडलिंगला बरोबर, पण रेस देताच काटा कोसळतो, असं झालं आणि व्होल्टेज पूर्ण आहे, तर पंप किंवा जाळी. मग इंजिन बंद करून काटा पाहत राहा. पाच मिनिटांत निम्म्यावर आला तर चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतोय.

गेज न लावता थोडा अंदाज स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, मिळतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०२३० म्हणजे पंपाच्या सर्किटचा दोष, पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सर. चेकलाइट नसला तरी फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलिंगला शून्याजवळ आणि चढावर १५-२० टक्क्यांच्या वर जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय. उलट आयडलिंगला जास्त आणि वेग वाढल्यावर कमी, तर कुठून तरी हवा ओढली जातेय, पंपाचा संबंध नाही. तुमच्या बाबतीत एक मोठी खबरदारी: किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर गाडीचा कॉम्प्युटर गॅसवर चालताना चुकीचा ट्रिम शिकतो आणि तोच पेट्रोलवर लावतो. मग पेट्रोलवर गाडी मलूल वाटते आणि पंप नाहक बदनाम होतो. म्हणून ट्रिम शून्य करून, गॅस बंद ठेवून, वीस-पंचवीस किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा आणि मग वाचा.

तुमची लक्षणं पाहता पंप खरंच गेलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरीही व्होल्टेज आणि प्रेशर हे दोन आकडे गॅरेजवाल्याकडून मागा. तो मोजून सांगत असेल तर निश्चिंत होऊन काम द्या. मोजायला नकार देत असेल तर दुसरीकडे जा.

घरी करावं का? तपासणी जरूर करा. बदलणं मात्र दोन अटींवर. मागच्या सीटखाली पंपाचं झाकण उघडत असेल, आणि गाडी मोकळ्या हवेत उभी करता येत असेल तरच. टाकी खाली उतरवावी लागणारी गाडी असेल तर रॅम्प असलेलं गॅरेज गाठा. आणि सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम कधीही, कोणत्याही कारणाने करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून खाली साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. मी स्वतः टाकी उघडतो त्या वेळी गॅरेजातली संध्याकाळची दिवाबत्तीही थांबवतो. शेजारच्याचं वेल्डिंग, ग्राइंडर, चहाचा स्टोव्ह, सगळं बंद किंवा दूर. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा, उजेडाला एलईडी टॉर्च.

टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल असताना काम घ्या. काढायचंच झालं तर धातूच्या कॅनमध्ये काढा, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत नाही. गाडी पेट्रोलवर ठेवून पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोनदा सेल्फ मारा, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. सीएनजी सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सीट उचलल्यावर झाकणाभोवतीची धूळ आणि रेती आधी व्हॅक्यूमने आणि फडक्याने पूर्ण काढा. ही पायरी घाईत टाळली जाते, आणि तीच माती टाकीत पडून नव्या पंपाच्या जाळीवर बसते.

पाइपाचे क्लिपवाले जोड दाबून सुटतात, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, नायलॉन ठिसूळ झालेलं असतं. उरलेलं थोडं पेट्रोल येईलच, फडकं धरा. लॉक रिंगवर छिन्नी-हातोडी चालवायची नाही. रिंगचा पाना मिळतो, नाहीतर लाकडी ठोकळा किंवा पितळी रॉड. मॉड्यूल (पंप, जाळी, फ्लोट यांचा एकत्र संच) सरळ वर ओढू नका. थोडं उचलून तिरपं करा, म्हणजे फ्लोटचा दांडा वाकत नाही. तो वाकला तर पंप नवा असूनही पेट्रोलचा काटा खोटं सांगत राहील.

आता टॉर्चने टाकीच्या तळात बघा. गाळ, गंज, पाण्याचे थेंब दिसले तर टाकी धुतल्याशिवाय नवा पंप घालू नका. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते दमट हवेतलं पाणी शोषतं. टाकीत महिनोन् महिने पेट्रोल पडून राहिलं आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. पंप ओढतो तो तळातूनच.

बसवताना रबरी ओ-रिंग नवीच. जुनी पेट्रोलने फुगलेली असते, खाचेत बसत नाही, आणि तिच्या जागी सिलिकॉन लावणं म्हणजे गळतीला आमंत्रण. बाणाची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळवा. झाकण आणि सीट लावण्याआधी बॅटरी जोडून चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावून पाहा. वास आला तरी पुढे जाऊ नका.

पूर्ण मॉड्यूल घ्यावं की आतला नुसता पंप? मॉड्यूल महाग, पण त्यात जाळी, रेग्युलेटर, फ्लोट सगळं नवं येतं. तुमच्या गाडीचं वय बघता मी मॉड्यूल घेईन. नुसता पंप घालायचा असेल तर बॉश किंवा डेन्सोचा, गाडीच्या प्रेशरला जुळणारा, आणि जाळीसकट. ऑपेरा हाउसच्या बाजारात ओरिजिनलच्या शेजारीच हुबेहूब डबीत डुप्लिकेटही मिळतो. पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या गाडीचा काढलेला पंप आणायला मी स्पष्ट नाही म्हणतो. दरवाजा, आरसा, लाइट तिथून जरूर घ्या. पंपाचं उरलेलं आयुष्य बाहेरून कोणालाच दिसत नाही.

जुना पंप गॅरेजवाल्याकडून मागून घ्या आणि जाळी कापून उघडा. काळा चिखल निघाला तर टाकी दोषी. जाळी स्वच्छ आणि पंपाचं अंग करपलेलं असेल, तर कारण बहुधा तुमच्या वापरात आहे. गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम रिझर्व्हवर ठेवायचा ही मुंबईतल्या सीएनजी गाड्यांची सर्रास रीत आहे. पण पंपाला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं पेट्रोलच असतं. त्यात बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही टाकीतला पंप फिरतच राहतो. इंजेक्टर बंद, पेट्रोल आतल्या आत फिरतंय, तळाशी दोन-तीन लिटर, वर मे महिन्याचं ऊन. तो पंप रोज थोडा थोडा भाजतो.

ते तपासणं सोपं आहे. गाडी गॅसवर आयडलिंगला ठेवा आणि मागच्या सीटवर कान लावा. गुंजन ऐकू आलं तर किटच्या फिटरकडून गॅसवर पंप बंद करणारा रिले बसवून घ्या. गॅस संपल्यावर पेट्रोलवर येताना पंप आधी सुरू होईल एवढा वेळ त्याने सेट केलाय का, हे चालवून पाहूनच पैसे द्या. रिले बसवला तरी टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नका, आणि आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर काढा.